मामाचे कानमंत्र : सांडपाण्याचं संमतीपत्र

पोरी, वर्सोव्यातल्या यारी रोडवरच्या एकशेवीस घरांच्या सोसायटीची तू सेक्रेटरी झालीस आणि बिल्डरने तळघरातल्या एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, किल्ल्या तुझ्या हातात ठेवल्या, हे ऐकून आनंद झाला. किल्ल्यांबरोबर कागद किती आले, ते मात्र तू सांगितलं नाहीस. म्हणून हे सविस्तर लिहितोय. घाईने वाचू नको. चहा घेऊन बस.

एक गोष्ट आधीच पक्की कर. खाजगी प्लांटमधून निघणारं पाणी बाहेर सोडायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. ती मिळते ऑफिसात, पण कमवावी लागते तळघरात. केंद्राचा पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने त्याच्या आधीच, १९६९ मध्ये, स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केलं. म्हणजे तू मागतेयस ती परवानगी कालपरवा कुणी काढलेली कटकट नाही. तिच्यामागे पन्नास वर्षांचा विचार आहे, आणि तो चांगला आहे.

आधी पाण्याची वाट बघ.

१. अर्जाला हात लावण्याआधी प्लंबरला घेऊन इमारतीभोवती चक्कर मार आणि शेवटचं चेंबर उघडून बघ — पाणी नेमकं कुठे जातं हेच सेक्रेटरीला ठाऊक नसेल, तर अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना अंदाजाने भरला जातो.

२. ड्रेनेज लाइन आणि पावसाळी नाला यांत गल्लत करू नको — मुंबईत दोन्हींची जाळी वेगळी आहेत. ड्रेनेज पालिकेच्या मलजल केंद्राकडे जाते, नाला सरळ खाडीला मिळतो. ड्रेनेजची वाट केंद्राला, नाल्याची वाट दर्याला, एवढं पाठ कर.

३. बिल्डरच्या नकाशावर विसंबू नको. आउटलेटमध्ये रंग सोड आणि दोन्ही चेंबरांवर एकेक माणूस उभा कर — नकाशावरची रेघ आणि जमिनीखालचा पाइप यांची दर वेळी गाठ पडतेच असं नाही. हे काम कोरड्या दिवशी, ओहोटीच्या वेळी कर. भरतीला नाल्यात खाडीचं पाणी चढतं आणि रंग वाहताना दिसत नाही.

४. जोडणी नाल्यात निघाली तर ती झाकू नको, त्याच आठवड्यात कमिटीचा ठराव करून पालिकेकडे ड्रेनेज जोडणीचा अर्ज टाक — आपण होऊन सांगितलेली चूक दुरुस्तीच्या खात्यात जाते, दुसऱ्याने शोधलेली नोटिशीच्या.

५. पालिका आणि मंडळ ही दोन वेगळी दारं आहेत. पालिकेसाठी अंधेरी स्टेशनजवळ पालीराम रोडला के-पश्चिम वॉर्ड ऑफिस, मंडळाचं मुख्यालय सायनला कल्पतरू पॉइंटमध्ये — वाहिनीत पाणी घ्यायचं की नाही ते पालिका ठरवते, ते पाणी किती स्वच्छ हवं ते मंडळ. एकाचा कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही, पण एकाविना दुसऱ्याचा अर्ज अडतो.

६. शोषखड्ड्यात जिरवू, असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हण — समुद्राजवळ भूजल वर असतं, जिरवलेलं पाणी शेजारच्या विहिरीत डोकावतं.

हे मी इतकं का घोकतोय? ओशिवरा नदी मालाडच्या खाडीला मिळते आणि ती खाडी वेसावा कोळीवाड्याच्या कुशीतून समुद्रात उतरते. नाल्यात सोडलेलं पाणी तिथेच पोहोचतं, जिथे होड्या लागतात. ज्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर लोकांनी २०१५ पासून आठवड्यामागून आठवडे कचरा उचलला, तिथेच २०१८ च्या मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दिसली. पालिका शहरात सात नवी मलजल केंद्रं उभारते आहे; १९ जानेवारी २०२३ ला त्यांचं भूमिपूजन झालं. सगळ्यांची मिळून क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर, त्यात वर्सोव्याचा वाटा १८० दशलक्ष लिटरचा. हे काम मोठं आहे आणि मोठ्यांचं आहे. तुझ्या तळघरातलं मात्र तुझंच.

आता कागद.

७. संमतीपत्र कुणाच्या नावावर आहे ते पहिल्यांदा बघ, आणि बिल्डरच्या नावावर असेल तर ताबा घेतानाच ते सोसायटीच्या नावावर करून घ्यायची प्रक्रिया सुरू कर — प्लांट तू चालवणार, उत्तरं तू देणार. मग नावही तुमचंच हवं.

८. संमत्या दोन असतात : बांधण्याआधीची ‘कन्सेंट टू एस्टॅब्लिश’ आणि चालवण्याची ‘कन्सेंट टू ऑपरेट’. दोन्ही माग — पहिली दाखवून दुसरी आहे असं भासवणारे लोक फाइल जाड करून देतात.

९. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीही असणार. तिची प्रत आणि हस्तांतराचा कागद वेगळा माग — त्या मंजुरीच्या अटींचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो, आणि बिल्डर गेल्यावर तो कुणी देतच नाही.

१०. संमतीपत्राच्या अटी पेन्सिल घेऊन वाच, प्रत्येक आकड्याखाली रेघ मार — पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच आकड्यांवर होतात. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला २० मिलिग्रॅम आणि तरंगते कण ५० पर्यंत होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये १० आणि २० इतकी कडक मर्यादा सांगितली. तुझ्या कागदावर जो आकडा छापलाय, तोच तुझा.

११. बहुतेक निवासी संकुलांच्या संमतीपत्रात एक अट असते : शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ६० टक्के पाणी फ्लश, बाग, कूलिंग असल्या कामाला पुन्हा वापरायचं, उरलेलं पालिकेच्या ड्रेनेजला. ही अट आकड्यांत मांडून बघ — वाचायला सोपी वाटते, पावसाळ्यात अवघड होते.

आकड्यांचा तुला कंटाळा, मला ठाऊक आहे; तरी एवढं एक गणित माझ्यासोबत कर. एकशेवीस घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे सहाशे जण. माणशी १३५ लिटर धरलं तर रोजचा वापर ८१,००० लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात, म्हणजे सुमारे ६५,००० लिटर प्लांटमध्ये येतं. त्याचे ६० टक्के म्हणजे ३९,००० लिटर तुला इमारतीतच वापरायचेत. फ्लशला माणशी ४५ लिटर धरलं तर २७,००० लिटर खपतात. उरले १२,०००. ते बाग, पार्किंग धुणं, जिने पुसणं यांत घालवायचे. उन्हाळ्यात सहज जातात. जून ते सप्टेंबर बागेला थेंब नको असतो, तेव्हा हे १२,००० कुठे जाणार? आधीच्या उरलेल्या २६,००० लिटरबरोबर ड्रेनेजला. म्हणजे पावसाळ्यात रोज ३८,००० लिटर. हा आकडा अर्जात आणि पालिकेच्या जोडणीत दोन्हीकडे आधीच लिहिलेला असला, की जुलैत तपासणीला आलेल्या माणसाला शांतपणे दाखवता येतो. लिहिलेलं नसेल, तर तेच पाणी ‘विनापरवाना’ ठरतं. पोरी, बहुतेक सोसायट्या इथे अडखळतात. पाणी घाण असतं म्हणून नव्हे. उन्हाळ्याचं गणित वर्षभर लावलेलं असतं म्हणून.

१२. बांधकामाचं क्षेत्रफळ, घरांची संख्या, प्लांटची क्षमता आणि पाण्याचे आकडे सगळ्या कागदांवर सारखे आहेत का ते पडताळून घे — भोगवटा प्रमाणपत्रात एक आणि अर्जात दुसरा आकडा असला की शंका निघते, आणि एका शंकेत महिना जातो.

१३. कागदांचा गठ्ठा आधी जमव : भोगवटा प्रमाणपत्र, जुनं संमतीपत्र, पर्यावरण मंजुरी, ड्रेनेज जोडणीचा पालिकेचा कागद, प्लांटचा आराखडा, पाण्याची बिलं, आणि भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला — संमतीची फी गुंतवणुकीवर ठरते, त्यामुळे सीएचा दाखला नसला तर अर्ज जागचा हलत नाही.

१४. मंडळाच्या ऑनलाइन अर्जाचं खातं सोसायटीच्या ईमेलवर आणि सोसायटीच्या मोबाइलवर उघड, कन्सल्टंटच्या नाही — शंका विचारणारा मेल कन्सल्टंटच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो आणि तुला वाटतं काम चाललंय. पासवर्ड ज्याच्या हाती, कारभार त्याच्या हाती.

१५. कन्सल्टंट जरूर नेम, पण अर्ज ‘सबमिट’ करण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाच — सही तुझी असते.

१६. अर्जाची पोच, फीची पावती, प्रत्येक शंकेचं उत्तर तारखेसकट छापून फाइलला लाव — १९७४ च्या कायद्याच्या कलम २५ प्रमाणे चार महिन्यांत होकार किंवा नकार आला नाही तर संमती मिळाली असं मानता येतं, पण तारखा सिद्ध करता आल्या तरच. त्यावर डोळे लावून बसू नको. पाठपुरावा करत राहा.

१७. नकार आला तर रागावून बसू नको, कारणं वाच आणि दिवस मोजायला लाग — कलम २८ प्रमाणे अपिलाला तीस दिवस असतात, आणि कमिटीची मीटिंग बोलवण्यातच त्यातले निम्मे जातात.

१८. मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज जायला हवा असं संमतीपत्रातच लिहिलेलं असतं. तू चार महिने आधीचा गजर लाव — दिवाळी, गणपती आणि सोसायटीची निवडणूक यांतलं काहीतरी मध्ये येतंच.

१९. मंडळाला बँक गॅरंटी दिली असेल तर तिची मुदत वेगळी लिहून ठेव — ती संमतीपत्राबरोबर आपोआप वाढत नाही, आणि बँक आपल्याला आठवण करत नाही.

२०. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत मागच्या आर्थिक वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र भर — त्याला पैसे लागत नाहीत, फक्त लक्ष लागतं. पण ते राहिलेलं असलं की नूतनीकरणाच्या वेळी नेमकं वर येतं.

कागद झाले. आता तळघरात चल.

२१. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाण्याला मीटर बसव, आणि प्लांटच्या विजेला वेगळा मीटर — प्लांट खरंच चालतो का, हे वीज सांगते. मोजलं त्याचं मिटलं.

२२. लॉगबुक रोज भरली जाते का ते दर शनिवारी खाली उतरून बघ — महिन्याचे सगळे आकडे एकाच पेनने, एकाच अक्षरात आणि एकसारखे दिसले, की ते एका दुपारी लिहिलेत असं अधिकाऱ्याला कळतं.

२३. ऑपरेटरला एक लिटरचा काचेचा सिलिंडर आणून दे. एरेशन टाकीतलं पाणी त्यात भरून अर्धा तास न हलवता ठेवायला सांग, आणि तू स्वतः शेजारी उभी राहून एकदा बघ. आधी सगळं गढूळ, तपकिरी. मग वरून हळूहळू पाणी निवळत खाली येतं आणि तळाशी गाळ बसतो. ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धतीच्या चालत्या प्लांटमध्ये तो साधारण अडीचशे ते चारशे मिलीच्या खुणेपर्यंत बसतो, वरचं पाणी स्वच्छ दिसतं, आणि वास येतो ओल्या मातीचा — गाळ काळा पडला आणि सडका वास आला तर हवा कमी पडतेय, हे प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या पंधरा दिवस आधी कळतं.

२४. नवा किंवा बरेच दिवस बंद राहिलेला प्लांट सुरू करताना दुसऱ्या चालत्या प्लांटमधला गाळ आणून घाल — घाण खाणारे जिवाणू विरजणासारखे असतात. थोडे चांगले आणले की सगळं लागतं. तोपर्यंत नमुना तपासायला पाठवू नको.

२५. वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद करू देऊ नको — जिवाणूंना हवा लागते. रात्रभर गुदमरलेली टाकी सकाळी वास मारते आणि त्या दिवसाचं पाणी मर्यादेत बसत नाही. खालच्या मजल्यावर आवाज जात असेल तर ब्लोअरखाली रबरी पॅड आणि खोलीला अस्तर लाव. तक्रार आवाजाची आहे, हवेची नाही.

२६. सफाईवाल्यांना ॲसिडचे कॅन देणं बंद कर, आणि घराघरांत एक साधी चिठ्ठी लाव : फ्लशमध्ये पॅड नको, वेट वाइप नको, सिंकमध्ये तळणीचं तेल नको — ॲसिड जिवाणू मारतं, वाइप पंपात गुंडाळलं जातं, तेल टाकीवर साय धरतं. चिठ्ठीत कुणाला दोष देऊ नको. लोकांना माहीत नसतं म्हणून ते करतात.

२७. बार स्क्रीन रोज आणि ऑइल ट्रॅप ठरलेल्या दिवशी साफ होतो का बघ — पंप बिघडायची सुरुवात इथूनच होते.

२८. सँड आणि कार्बन फिल्टरचा बॅकवॉश चुकवू नको, आणि शेवटी हायपोचं (जंतू मारणाऱ्या द्रावणाचं) डोसिंग चालू आहे याची खात्री कर — पाणी काचेसारखं दिसलं तरी जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

२९. पुन्हा वापरायच्या पाण्याचे पाइप वेगळ्या रंगाने रंगव आणि बागेतल्या नळावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी मोठ्या अक्षरांत पाटी लाव, मराठीत आणि हिंदीत — मुलं खेळता खेळता कुठल्याही नळाला तोंड लावतात.

३०. गाळ वाळवून त्याची नोंद ठेव, कुठे गेला तेही लिही — पाण्याचा हिशेब सगळे विचारतात, गाळाचा अधिकारी विचारतात. जनरेटरचं जळकं तेलही अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचं, गॅरेजवाल्याला नाही.

३१. मेअखेर इलेक्ट्रिक पॅनल जमिनीपासून उंच आहे का आणि ड्रेनेजच्या जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का ते पाहून घे — मुसळधार पावसात भरलेल्या वाहिनीतलं पाणी उलट तळघरात येतं.

३२. नमुना घ्यायला मंडळाचे अधिकारी आले की हातातलं काम टाकून खाली जा, चहापाणी विचार आणि समोर उभी राहा — नमुन्याचे दोन भाग करायला सांगण्याचा, बाटलीच्या सीलवर सही करण्याचा हक्क कलम २१ मध्ये आहे. गैरहजर माणसाचा हक्क बाटलीत जात नाही.

३३. स्वतःचा नमुना दर महिन्याला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दे, आणि वाईट अहवाल फाडू नको, त्याला दुरुस्तीची नोंद जोडून ठेव — वर्षभर एकसारखे सुंदर अहवाल असलेल्या फाइलवर कुणाचा विश्वास बसत नाही.

आता एक असं सांगतो, जे मला एका वाक्यात सांगता येणार नाही.

३४. कुणालाही, कितीही घाई असली तरी, टाकीत उतरू देऊ नको. बंद टाकीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा वास सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा येतो, आणि वायू वाढला की नाक बधिर होऊन वास येणंच थांबतं. माणसाला वाटतं हवा साफ झाली. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही जातो. २०२४ च्या एप्रिलमध्ये विरारच्या एका संकुलाच्या एसटीपीत असेच चार कामगार गेले. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि गटारात मृत्यू आल्यास कुटुंबाला तीस लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. पण हे पैशाचं गणित नाही, पोरी. ते चौघं कामावर आले होते. टाकीच्या झाकणाला कुलूप लाव, किल्ली स्वतःकडे ठेव, आणि गाळ काढायला यंत्र असलेलीच एजन्सी बोलव — सोसायटीचं एखाद्या महिन्याचं बजेट बिघडलं तर पुढच्या महिन्यात भरून काढता येतं.

३५. ऑपरेटरचं नाव सगळ्या सभासदांना माहीत असू दे, त्याचा पगार वेळेवर दे आणि त्याच्या सुट्टीला बदली माणूस ठेव — एकट्या माणसावर चाललेला प्लांट तो गावी गेल्यावर आठवड्यात आंबतो.

३६. वर्षातून एकदा सभासदांना खाली घेऊन जा, मुलांसकट — जिथे आपलं पाणी जातं ती जागा एकदा पाहिली, की मेंटेनन्सच्या बिलातल्या एसटीपीच्या ओळीवरून होणारं भांडण बरंच कमी होतं.

बाकीचं काम करता करता समजेल, आणि जे समजणार नाही त्यासाठी मी आहेच. आज संध्याकाळी एवढंच कर : बिल्डरने दिलेलं संमतीपत्र शोध, त्यावर नाव कुणाचं आहे आणि मुदत कधी संपते ते बघ, आणि रात्री जेवणाआधी मला फोन कर. मुदत चार महिन्यांच्या आत असेल तर रविवारी मी स्वतः वर्सोव्याला येतो. दोघं मिळून अर्ज भरू.